‘पातळ ऑइल इंजिन खातं’ या मेसेजला गॅरेजमधून उत्तर

हा मेसेज मला गेल्या वर्षभरात निदान वीस गिऱ्हाइकांनी दाखवलाय. मजकूर थोडक्यात असा : ‘०डब्ल्यू-२० ऑइल म्हणजे नुसतं पाणी. ते थंड देशांसाठी आहे, आपल्या ४५ डिग्रीत टिकत नाही. कागदावर अ‍ॅव्हरेज दाखवायला कंपन्या ते भरायला सांगतात आणि लाखभर किलोमीटरला इंजिनचं काम निघतं. सिंथेटिकनं सील गळतात. सरळ २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० भरा.’

सोलापुरात माझं गॅरेज आहे. उन्हाळा काय असतो ते मला कोणी सांगायला नको. आणि या मेसेजवर विश्वास ठेवून लोक स्वतःच्या चांगल्या गाडीत चुकीचं ऑइल भरून येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

‘पाणी’ या शब्दापासून सुरुवात करू. मागे एक निवृत्त सर आले होते. डबा उघडल्यावर त्यांनी दोन थेंब बोटांवर चोळले आणि म्हणाले, ‘‘बघ की रे, नुसतं पाणी आहे हे!’’ मी काही बोललो नाही. शेजारच्या रॅम्पवर एका जुन्या जीपचं २०डब्ल्यू-५० काढायचं होतं आणि गाडी नुकतीच हायवेवरून आली होती. ड्रेन नट सोडला तशी काळी धार सळसळत ट्रेमध्ये पडली, कपात चहा ओतावा तशी. ‘‘सर, पाण्यासारखं कुठलं वाटतंय आता?’’ सर बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिले.

हाच हिशेब आकड्यांत बघा. ऑइलचा घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. साधारण ०डब्ल्यू-२० हे ४० डिग्रीला ४०-४५ सेंटिस्टोक असतं, १०० डिग्रीला आठ-साडेआठ. २०डब्ल्यू-५० हे ४० डिग्रीला दीडशेच्या पुढे आणि १०० डिग्रीला १८ च्या आसपास. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी तुमच्या बोटांवर असलेलं ०डब्ल्यू-२० हे गरम इंजिनातल्या २०डब्ल्यू-५० पेक्षा दुपटीहून जाड आहे. साधं पाणी खोलीच्या तापमानाला १ सेंटिस्टोक असतं. बोटावरची परीक्षा जिथे ऑइल काम करत नाही त्या तापमानाला होते, त्यामुळे तिला अर्थ नाही.

दुसरा मुद्दा ‘थंड देशांसाठी’. कितीतरी लोकांना वाटतं की २०डब्ल्यू-५० म्हणजे २० ते ५० डिग्रीत चालणारं ऑइल. तसं नाही. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती वाहतं ते सांगतो. ० ग्रेडची चाचणी उणे ३५ डिग्रीला होते, २० ची उणे १५ ला. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० डिग्रीला मोजलेल्या घट्टपणाचा. म्हणूनच ०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४० ही दोन्ही ऑइलं गरम झाल्यावर एकाच पट्ट्यात येतात.

आणि ते १०० डिग्री हवामान ठरवत नाही, इंजिन ठरवतं. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा मिळून कूलंट नव्वदीच्या आसपास धरून ठेवतात, ऑइल साधारण ९० ते ११० मध्ये फिरतं. बाहेर सोलापूरचा मे असो की महाबळेश्वरचा डिसेंबर, यात फार फरक पडत नाही. कूलिंग बिघडलं असेल तर पडतो, पण मग दुरुस्त कूलिंग करायचं. फोर्ड आणि होंडा यांनी अमेरिकेत २००१ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांना ५डब्ल्यू-२० सांगायला सुरुवात केली. तिथलं अ‍ॅरिझोना हे वाळवंटी राज्य. त्याच्या फीनिक्स शहरात २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ डिग्रीच्या वर होता. तिथेही गाड्या तेच ऑइल घालून धावतात.

खरा त्रास होतो तो सकाळी, पहिल्या स्टार्टला. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. २५-३० डिग्रीला २०डब्ल्यू-५० हे ०डब्ल्यू-२० च्या जवळजवळ चौपट घट्ट असतं. पंप ते ओढतो, दाब चटकन वाढतो, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं ऑइल वर न जाता परत खालीच येतं. दाब भरपूर म्हणजे ऑइल भरपूर पोचलं, ही समजूत इथेच फसते. नव्या इंजिनांत कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, टायमिंग ऑइलच्या दाबावर बारीक वाटांमधून बदललं जातं. त्या वाटा पातळ ऑइल धरूनच आखलेल्या असतात. त्याच सरांच्या गाडीत आधी कुणीतरी २०डब्ल्यू-५० भरलेलं होतं. जानेवारीतल्या सकाळी स्टार्ट केली की तीन-चार सेकंद वरून टकटक यायची आणि पिकअप मेल्यासारखा वाटायचा. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाकल्यावर टकटक गेली.

‘कंपन्या अ‍ॅव्हरेजसाठी करतात’ हे मात्र खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. केंद्र सरकारच्या इंधन-वापराच्या नियमांचा पहिला टप्पा २०१७-१८ ला लागू झाला, दुसरा २०२२-२३ ला. पातळ ऑइल ढवळायला इंजिनला कमी ताकद लागते, म्हणून कंपन्यांना ते हवं असतं. पण त्यावरून इंजिन मरतं हे सिद्ध होत नाही. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, फिरायला लागला की बेअरिंगमध्ये ऑइलची पाचर तयार होते आणि क्रँक तिच्यावर तरंगतो. इंजिन त्या ऑइलसाठीच बेतलं असेल तर ही पाचर पुरते. कॅम आणि चेनसारख्या ठिकाणी मुळातच थर अपुरा पडतो, मग ऑइल जाड असो वा पातळ. तिथे वाचवतात ती ऑइलमधली झीजरोधक रसायनं, मुख्यतः जस्त आणि फॉस्फरसची. मे २०२० पासून आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी दर्जात कॅमच्या झिजेची आणि चेनच्या झिजेची वेगळी चाचणी आहे. डब्यावर तो दर्जा बघा, बोटं चोळण्यापेक्षा ते उपयोगाचं.

लाखाला काम निघालेली इंजिनं मीही उघडली आहेत. टॅपेट कव्हर उचललं की आत डांबरासारखा काळा गाळ, स्ट्रेनरची जाळी बुजलेली. विचारलं की कळतं, दोन-दोन वर्षं ऑइल बदललेलं नाही किंवा लेव्हल कधी बघितलेलीच नाही.

सीलचं थोडक्यात. १९७० च्या दशकातल्या सुरुवातीच्या सिंथेटिक ऑइलांनी सील खराब झाल्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. आजच्या ऑइलांत त्याचा बंदोबस्त असतो. जुन्या गाडीत सिंथेटिक भरल्यावर गळती दिसली तर बहुतेक वेळा सील आधीच वाळलेलं असतं आणि गाळानं ते झाकून ठेवलेलं असतं.

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला डिझेलवाल्यांसाठी आहे. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जळून जाते, पण ऑइलमधून आलेली राख जळत नाही, ती तिथेच साठते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल सांगतात; सी३ या युरोपियन दर्जात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ट्रकचं जुन्या दर्जाचं १५डब्ल्यू-४० यात ओतलं की फिल्टर हळूहळू चोंदतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. दोन-तीनशे रुपये वाचवायला हे करू नका.

आता दुसरी बाजू. पातळ म्हणजे सगळ्यांना चांगलं, असं मी म्हणत नाही. तुमच्या जुन्या गाडीच्या मॅन्युअलात १५डब्ल्यू-४० असेल तर तेच भरा. झिजलेल्या इंजिनात ०डब्ल्यू-२० भरलं तर ते जळेल आणि लेव्हल उतरत राहील. टोयोटाच्या अमेरिकेतल्या मॅन्युअलमध्येसुद्धा सतत अतिवेग किंवा फार ओझं असेल तर जाड ग्रेड जास्त बरी पडू शकते, असं लिहिलेलं असतं. आपल्याकडेही काही मॅन्युअलांत एकाहून जास्त ग्रेड दिलेल्या असतात. त्या यादीतली जाड ग्रेड निवडली तर त्यात काही चूक नाही. यादीबाहेर मात्र जाऊ नका.

आणि एका गोष्टीकडे पातळ ऑइलवाल्यांनी खास लक्ष द्यायला हवं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच जात असेल, शाळा आणि भाजी एवढंच, तर इंजिन पुरतं तापत नाही आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं. आधीच पातळ असलेलं ऑइल आणखी पातळ होतं. अशी गाडी असेल तर सकाळी डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा उग्र वास आला किंवा न भरता लेव्हल वर चढलेली दिसली, तर दहा हजार किलोमीटरची वाट बघू नका, ऑइल लगेच बदला आणि पुढचं सहा महिन्यांनी.