"माफ कर" हे नेहमी ज्याचं नुकसान झालंय त्यालाच का सांगता?

आपल्या लोकांत कुणावर अन्याय झाला की पहिला उपदेश त्यालाच. सोड गं, माफ कर, आपण ख्रिस्ती माणसं. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात ऐकलंय, मयताच्या घरी ऐकलंय, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईलासुद्धा ऐकवलेलं बघितलंय. हे येशूच्या नावावर खपवणं बंद करा, प्लीज.

वैऱ्यावर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, बायबलात मत्तय ५ मध्ये आहे आणि मी ते मानते. सातच्या सत्तर वेळा माफ कर हेही मानते. पण ते मत्तय १८ मध्ये आहे ना, तिथेच जरा वरच्या ओळी वाचा की, भावाने अपराध केला तर जाऊन एकांतात त्याला त्याची चूक दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. गप्प बस कुठे लिहिलंय? येशूला स्वतःला महायाजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा त्याने सरळ विचारलं, माझं बोलणं बरोबर असेल तर मला का मारतोस? आणि काही तासांनी क्रुसावरून त्याच लोकांसाठी क्षमा मागितली.

ग्लॅडिस स्टेन्स आठवा, त्या ऑस्ट्रेलियन मिशनरी बाई. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर, नवरा ग्रॅहम आणि १० न् ६ वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारली. बाईंनी मारेकऱ्यांना माफ केलं, बारीपद्यातलं कुष्ठरोग्यांचं काम सोडलं नाही. पण म्हणून खटला थांबला नाही, मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये कायम केली. आणि ती माफी त्यांची होती, दुसरं कुणी ती त्यांच्या वतीने देऊ शकलं नसतं.

आमच्या घरातलंच सांगते. भायखळ्याची आजोबांची खोली रीडेव्हलपमेंटला गेली आणि मोठ्या मामांनी आईचा हिस्सा परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतला. आई रोज संध्याकाळी रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, त्यांचं नाव घेते, आवाज जड होतो पण घेतेच, मामांची बायपास झाली तेव्हा मऊ भात न् बिनतिखटाचं वरण डब्यात घालून माझ्याच हातून हॉस्पिटलात पाठवलं होतं. आणि कोर्टाची तारीखपण चुकवत नाही. मला तर यात काहीच उलटसुलट वाटत नाही, वैऱ्यावर प्रेम म्हणतात ते हेच, त्याचं वाईट चिंतायचं नाही, पण त्याने केलं ते बरोबर होतं असंही म्हणायचं नाही.

तरी नातेवाईक आईलाच सांगतात केस मागे घे, कसली तू ख्रिस्ती. मामांना कुणी बायबलातल्या जक्कय जकातदाराची गोष्ट सांगत नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला होता तो. मामा दर रविवारी पुढच्या बाकावर असतात, कम्युनियनची पवित्र भाकर घेतात. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हेही येशूनेच सांगितलंय आणि ते मामांसारख्यांसाठी सांगितलंय. आईला समजवायला येणाऱ्यांपैकी एकजण तरी हे घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे का? खरंच विचारतेय, कमेंटमध्ये नको, मामांच्या घरी जा.