आठव्या प्रश्नाचा घोळ

दहावीचा निकाल लागला की भारतातून दरवर्षी इकडे चीनमध्ये तोच मेसेज फिरत येतो: चिनी मुलं बघा, घरात कौतुकाचा शब्द नाही म्हणून कणखर, आपली लाडाने बिघडली. आठवडाभरात उलटा लेख: चाचणीत चिनी मुलांचा आत्मसन्मान कमी भरतो, आईबापांनी चिरडलीत बिचारी. मोजपट्टी हातात घेऊन कोणीच पाहिलेली नसते.

आत्मसन्मानाची ती मोजपट्टी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझेनबर्गची, १९६५ची. दहा विधानं, पाच सुलट (स्वतःबद्दल चांगलं), पाच उलट (कमीपणाची); प्रत्येकाला १ ते ४ गुण, बेरीज १० ते ४०. उलट विधानांचे गुण फिरवायचे, म्हणजे ४ चा १. घोळ आठव्यात आहे: ‘मला स्वतःबद्दल अजून आदर वाटला असता तर बरं.’ अमेरिकेत याला ‘हो’ म्हणजे कमीपणा. चिनीत तेच वाक्य ‘अजून मान मिळवायचाय’ असं वाचलं जातं. हुशार पोर हो म्हणणारच. गुण फिरवले की तिच्या जिद्दीचा न्यूनगंड होतो. म्हणून इथले अनेक अभ्यासक ते विधान गाळतात किंवा सुलट धरतात. गाळलं तर बेरीज ९ ते ३६. ती चाळीसच्या आकड्याशेजारी ठेवली की लेख तयार!

बरं, घरचा धाक. चिनीतल्या ‘ग्वान’मध्ये वचक आणि काळजी दोन्ही येतात. ‘याला ग्वान करणारं कोणी नाही’ यात हेवा नसतो, कीव असते. आपलं ‘लक्ष आहे हं माझं’ तरी वेगळं काय आहे? काळजी करायचीच तर आजीकडे ठेवलेल्या मुलांची करा. आईबाप कारखान्यात, हुकोउ (रहिवासाची सरकारी नोंद) गावचा, आणि रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न मार्कांचा.

बाकी पोराची स्वतःच्या नजरेतली किंमत ठरते शाळेच्या बाकावर. सकाळच्या वाचनापासून रात्रीच्या स्वाध्यायापर्यंत तीच पन्नासेक पोरं, तोच बानजूरन, म्हणजे वर्गशिक्षक. रांगा आठवड्या-दोन आठवड्यांनी सरकतात, फळ्याजवळची जागा फिरत राहते, पण बाकावरची जोडी बहुधा टिकते. ती तुटते वरच्या वर्गात भौतिकशास्त्र की इतिहास ही विषयाची निवड ठरल्यावर. तेव्हा वर्गच नव्याने पाडतात. पोर गप्प होतं ते त्यानंतर, आणि घरचे ट्यूशन शोधत बसतात.

दडपणाबद्दल तर बोलूच नका. शाळांनी गुण-क्रमांक जाहीर करायला इथे १ सप्टेंबर २०२१ पासून बंदी आहे. आपल्याकडे क्लासच्या फ्लेक्सवर पोरांचे फोटो टक्क्यांसकट चौकात टांगतात. (तुलना सोयीची आहे, कबूल. बंदीनंतरही पालक वीचॅट या चिनी चॅट अ‍ॅपवर एकमेकांना आकडे विचारतातच.)

तिकडून कोणी चिनी पोरांना नावं ठेवली की घरचंच कोणी दुखावल्यासारखी माझी चिडचिड होते. आणि इथली एखादी आई ‘भारतीय मुलं मोकळी, पण शिस्त नाही’ म्हणाली की त्याच आवेशात माझ्याकडून सातारा-सांगलीची बाजू घेतली जाते. वकीलपत्र दोन्हीकडून कोणी दिलेलं नाही.