‘साहेबाचा धाक असला की कारखाना चालतो’ – नाही, चालत नाही

सध्या बेळगावजवळच्या उद्यमबाग आणि मच्छे या कारखान्यांच्या वसाहतींतल्या पोरांच्या स्टेटसला एक मजकूर दिसतोय : ‘खरा साहेब एका क्षणात निर्णय घेतो, घेतलेला निर्णय फिरवत नाही, आणि त्याच्यापुढं तोंड उघडायची कुणाची हिंमत होत नाही.’ नव्यानं सुपरवायझर झालेली पोरं हे मनावर घेतात, म्हणून लिहितोय. बेळगावच्या फौंड्र्यांत, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांत, माझी बावीस वर्षं गेली.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानं होतं.

जुलैचे दिवस होते. पावसाची झड लागलेली. पंप बॉडीचा लॉट ओतायचा होता. वाळू मळणाऱ्या मुलरवरचा माणूस बैलहोंगलकडचा. मूठभर वाळू दाबून बघत तो मला हळूच म्हणाला, ‘उसुक हसी ऐत्रि.’ वाळू ओली आहे. कन्नड मला चांगलं कळतं, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. पण आदल्याच दिवशी मॅनेजरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, त्यामुळं तो वर बोलला नाही. मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वाळूचे साचे फोडले तर कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लो होलच ब्लो होल; ओल्या वाळूच्या वाफेनं पडलेली भोकं. सगळा लॉट पुन्हा भट्टीत. ‘कुणालाच कळलं नाही का?’ म्हणून मॅनेजर ओरडले. आम्हा दोघांना कळलं होतं.

धाकानं चुका कमी होत नाहीत, त्या कानावर यायच्या थांबतात. एमी एडमंडसन या संशोधिकेनं नव्वदच्या दशकात इस्पितळांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत चुकांची नोंद उलट जास्त सापडली. तिथल्या नर्स चूक सांगायला घाबरत नव्हत्या, हे त्याचं कारण. आणि 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली, त्याच्या काही क्षण आधी उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की समोरचं विमान बाजूला झालंय ना? अनुभवी कॅप्टननं ‘हो’ म्हणून विषय संपवला. इंजिनिअरनं पुन्हा विचारलं नाही.

आता ‘क्षणात निर्णय’. यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. आमचे भट्टीवाले मामा रसाचा, म्हणजे वितळलेल्या धातूचा, रंग बघून तापमान सांगायचे आणि मीटर लावला की आकडा जवळपास तोच यायचा. पण ती नजर रोज मीटरशी ताडून तयार झालेली. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हेच मांडलं : काम ठरावीक रीतीनं चालत असेल आणि आपलं चुकलं की बरोबर ते लगेच कळत असेल, तिथंच मनाच्या कौलावर भरवसा ठेवावा. पाच मिनिटं बोलून माणूस कामावर घेणारे मालक ‘मी माणूस ओळखतो’ म्हणतात, तेव्हा ज्याला नाकारलं तो कसा निघाला असता हे त्यांना कधीच कळत नाही. तिथं मीटरच नाही.

‘निर्णय फिरवू नये’ याबद्दल थोडक्यात सांगतो. बॅरी स्टॉ या संशोधकाच्या 1976 च्या प्रयोगात, ज्यांनी पैसे घालायला स्वतः निवडलेला कंपनीचा विभाग तोट्यात गेला, त्यांनीच त्यात पुढं जास्त पैसे घातले. चूक मान्य करणं म्हणजे नाक कापून घेणं असं वाटतं, मग माणूस आणखी खोलात जातो. चुकीचं मशीन घेतलं असेल तर त्याचा हिशेब ते घेणाऱ्यानं नव्हे, दुसऱ्यानं करावा.

शिस्त नको असं मी म्हणत नाही. लॅडलजवळ, म्हणजे रस ओतायच्या भांड्याजवळ, बूट-चष्म्याशिवाय कुणी उभं राहिलं तर मी आजही आवाज चढवतो. तो नियम मलाही लागू आहे.

आता आमच्याकडं ओतकामाआधी पाच मिनिटं सगळे उभे राहतात. ‘आज काय बिघडू शकतं?’ एवढंच विचारायचं, आणि सगळ्यात नव्या माणसानं आधी बोलायचं, कन्नड, मराठी, हिंदी, जमेल त्या भाषेत. साहेब शेवटी. मागच्या पावसाळ्यात, कामाला लागून तीनच महिने झालेला एक पोरगा वाळूबद्दल बोलला. तपासली, ओलावा जास्त निघाला. त्या दिवशी ओतकाम दोन तास उशिरा सुरू झालं.