डॉक्टर यूज्ड, सिंगल ओनर

आमचं गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा बेत अगदी साधा होता. चौघांपुरती छोटी गाडी, झेपेल एवढा हप्ता. तेवढ्यात मामा म्हणाले, "घेताच आहात तर जरा उंच घ्या," आणि घात झाला. उंच म्हणजे एसयूव्ही. नवी एसयूव्ही परवडत नाही, म्हणजे जुनी. उंची कशाला हवी, हे मात्र कुणी विचारलं नाही. पुण्यात राहणाऱ्याला विचारत नाहीत.

जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचून माझी अशी समजूत झाली, की महाराष्ट्रातले डॉक्टर दवाखाना सांभाळून फक्त गाड्या विकतात. जी ती 'डॉक्टर यूज्ड, सिंगल ओनर, एक रुपयाचं काम नाही.' एका 'डॉक्टर यूज्ड' गाडीच्या डिकीत कोंबडीची पिसं निघाली. जनावरांचे डॉक्टर असतील म्हणून मी गप्प बसलो.

'टायर 80 टक्के' हा आणखी एक प्रकार. ही टक्केवारी नक्की कुठली परीक्षा घेऊन काढतात, देव जाणे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2316 असेल तर टायर 2016 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. हे मला नुकतंच कळलं होतं, त्यामुळे मी वाकून वाकून वाचत सुटलो. एजंट शांतपणे म्हणाला, "तो पार्ट नंबर आहे, साहेब."

म्हणून गॅरेजच्या मिस्त्रींना सोबत न्यायला लागलो. मिस्त्री इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघतात. आधी दाराचं रबर उपटून आतले वेल्डिंगचे ठिपके बघणार, मग बॉनेटच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा, मग स्टेपनीचा खड्डा. इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघडतात आणि वर तळहात धरतात. आतून धुराचे भपके आले की काही न बोलता हात पुसतात आणि चहा मागवतात. चहा मागवला की ती गाडी बाद, एवढं मला कळायला लागलं होतं.

एक पांढरीशुभ्र स्कॉर्पिओ मात्र आम्हां सगळ्यांच्या मनात भरली. सौ.नी तर पुढच्या सीटवर बसून आरशात केसही नीट केले. मिस्त्रींनी मागचा सीटबेल्ट ओढायला घेतला. ओढत गेले, ओढत गेले, आणि अगदी शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाची रेघ निघाली.

"2019 च्या पुरात होती का?"

"छे हो! पुराच्या वेळी आम्ही सांगलीत नव्हतोच. मुंबईला होतो, मुलीकडे."

"आणि गाडी?"

यावर मालकांनी चहा मागवला.

मधेच दिल्ली पासिंगची एक गाडी अर्ध्या किमतीत आली. तिकडे तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी होती, म्हणून त्या इकडे स्वस्तात यायच्या. पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या चकरा यांची बेरीज केल्यावर मामासुद्धा उंचीचा आग्रह सोडायला तयार झाले.

शेवटी साताऱ्याची डस्टर मिळाली, एसयूव्हीच, 2015 ची, डिझेल. मालक निवृत्त बँक मॅनेजर. सर्व्हिसिंगची फाइल तारीखवार, पंपावरच्या पावत्या पंचिंग करून लावलेल्या. मिस्त्री दार उघडायला गेले तर काका म्हणाले, "चपला बाहेर." मिस्त्री अनवाणी पायांनी क्लच दाबून बघत होते, तेव्हाच आपण सौदा करणार हे मी ओळखलं.

पण इथे परीक्षा माझीच होती. क्लचवर पाय ठेवून चालवता का? रात्री कुठे लावणार? आंबा पाडणारं झाड नाही ना जवळ? आरसे फिरवायचं बटण हँडब्रेकच्या दांड्याखाली असतं, ते मला तीन वेळा शोधायला लावलं. पहिलीच गाडी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मुलगी द्यायची की नाही अशा सुरात म्हणाले, "उद्या कळवतो."

त्यांनी होकार दिला. गाडी माझ्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करताना काकांचा हात जरा रेंगाळला. काकूंनी गाडीला ओवाळलं. मला नाही. दुसरी किल्ली कोल्हापूरला मुलाकडे आहे, दिवाळीत मिळेल, असं कळलं. आणि फास्टॅगमध्ये पाचशे रुपये शिल्लक होते. "ते संपू द्या, मग नवा घ्या," काका म्हणाले. एवढा दिलदार माणूस, मीही लगेच हो म्हटलं.

त्याच रविवारी सगळे कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो. खेड शिवापूरचा टोल ओलांडून जेमतेम पुढे गेलो तर काकांचा फोन. सौ.नी स्पीकरवर टाकला.

"मेसेज आला आत्ता. निघालात वाटतं? एवढ्या उशिरा?"

आनेवाडीला पुन्हा फोन.

"या दोन टोलांमध्ये मला कधी इतका कमी वेळ लागला नाही. कोण चालवतंय? मिस्त्री?"

"मीच, काका."

"बाजूला घ्या आणि मामांना द्या."