चार्जिंग पोर्टची कडी : त्या व्हायरल मेसेजमधलं खरं किती, घातक किती

नाशिकच्या ईव्ही ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. अंबडपासून नाशिकरोडपर्यंत तो सगळ्यांकडे पोचलाय. थोडक्यात तो असा:

"चार्जिंगची कडी तुटली की सर्व्हिस सेंटरवाले अख्खा पोर्ट बदलायला लावतात. काही गरज नाही. कडी फक्त चोरीसाठी असते, काढून टाका, गाडी चार्ज होतेच. गन अडकली तर जोरात हलवून ओढा. कडी चालते का बघायला बॅटरीतून डायरेक्ट १२ व्होल्ट द्या. जाम असेल तर डब्ल्यूडी-४० मारा, तुटली असेल तर फेविक्विक. १२ व्होल्टची निगेटिव्ह काढली की करंटची भीती नाही. नवी कडी दोन स्क्रूत बसते, दहा मिनिटांचं काम."

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यात जिथे भ्यायला हवं तिथे बेधडक सल्ला दिलाय.

आधी एक घोळ मिटवू. लोक 'कडी' म्हणतात ती दोन वेगवेगळ्या वस्तूंना. एक म्हणजे बाहेरच्या झाकणाची कडी, जी दाबली की झाकण उघडतं. दुसरी म्हणजे आतली लॉक पिन. गन (चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग) बसवली की 'टक' आवाज करत ही पिन पुढे येते आणि गनच्या प्लास्टिकमधल्या खाचेत शिरते. ती हलवायला छोटी १२ व्होल्टची मोटर आणि प्लास्टिकचे गिअर असतात. त्या डबीला अ‍ॅक्चुएटर म्हणतात. खालचं सगळं सीसीएस-२ (एसी आणि डीसी दोन्ही चार्जिंग एकाच ठिकाणी घेणाऱ्या) पोर्टच्या कारबद्दल आहे. सुरुवातीच्या फ्लीट गाड्यांना लागणाऱ्या भारत डीसी-००१ चार्जरवर जीबी/टी (चिनी मानकाची) गन असते आणि तिचं लॉक करणारा हुक गनवरच असतो, त्यामुळे तिथे हिशेब वेगळा.

"अख्खा पोर्ट बदलायला लावतात, गरज नाही"

अर्धं खरं म्हटलं ते हेच. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्चुएटर पोर्टला मागून स्क्रूने बसवलेला सुटा भाग असतो आणि झाकणाची कडी तर त्याहून सुटी. काही मॉडेलांच्या पार्ट कॅटलॉगमध्ये मात्र पोर्ट, केशरी (हाय व्होल्टेजची) केबल आणि अ‍ॅक्चुएटर मिळून एकच नंबर असतो. तिथे काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नाही, त्याच्या स्क्रीनवर दुसरं काही दिसतच नाही. म्हणून वाद घालण्याआधी चेसिस नंबर देऊन एवढंच विचारा: "लॉक अ‍ॅक्चुएटरला वेगळा पार्ट नंबर आहे का?"

आणि कधी कधी अख्खा पोर्ट बदलणंच बरोबर असतं. डीसीच्या दोन जाड पिनांभोवतीचं प्लास्टिक करपलंय, पोर्टच्या बॉडीला तडा गेलाय किंवा लॉक पिन ज्या भोकातून येते ते भोक ओढाओढीने लांबट झालंय, तर नुसती कडी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

"कडी फक्त चोरीसाठी, काढून टाका"

सगळ्यात घातक ओळ ही. घरच्या एसी चार्जिंगला लॉकचा एक उपयोग केबल चोरीला जाऊ नये हा आहे, हे मान्य. लॉक नसेल तर काही गाड्या एसी घेतात, काही नाकारतात. पण डीसी फास्ट चार्जरवर पिन पुढे आली आहे याची खात्री पटल्याशिवाय गाडी चार्जिंग सुरूच करत नाही.

कारण साधं आहे. घरचा ५० हर्ट्झचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क तुटताना पडलेली ठिणगी विझायला वाव असतो. डीसीला असा शून्य क्षण नाही. चारशे व्होल्टवर शंभर-दोनशे अँपिअर वाहत असताना गन निघाली तर आर्क (न विझणारी ठिणगी) पेटता राहतो आणि तो हाताच्या अगदी जवळ असतो. यावर कोणी म्हणेल की गन बाहेर येताना सीपीची (कंट्रोल पायलट, म्हणजे गाडी आणि चार्जर यांच्यातल्या संदेशाची) पिन आधी सुटते आणि चार्जर बंद होतो. बरोबर, ती तशीच बनवलेली असते. पण तो दुसरा आधार आहे. गन निघूच न देणं हा पहिला, आणि मेसेज नेमका तोच काढून टाकायला सांगतोय.

याच्याही पुढची करामत म्हणजे अ‍ॅक्चुएटर काढून फीडबॅकच्या वायरी जोडायच्या आणि 'लॉक लागलं' असं गाडीला खोटंच कळवायचं. असं जोडकाम केलेली गाडी विकत घेऊ नका, आणि स्वतःच्या गाडीत कोणी करून देतो म्हणाला तर त्या दुकानाची पायरी चढू नका.

"गन अडकली तर जोरात ओढा"

अडकलेल्या गनांपैकी बऱ्याच ठिकाणी कडी तुटलेली नसतेच. डीसी गनची केबल जड असते. ती खाली लोंबकळते, गन किंचित तिरकी होते आणि सगळा भार त्या पिनेवर येतो. छोटी मोटर भाराखालची पिन मागे घेऊ शकत नाही. ओढलं की भार आणखी वाढतो, म्हणजे जे करायचं त्याच्या नेमकं उलट. पिन वाकते किंवा आतल्या गिअरचे दात जातात, आणि बिनपैशात सुटणारी अडचण मग पार्ट बदलण्यावर जाते.

करायचं असं:

१. चार्जिंग चार्जरवरून किंवा अ‍ॅपवरून थांबवा. स्क्रीनवर करंट शून्य दिसू द्या.
२. एका हाताने केबल उचलून धरा, दुसऱ्या हाताने गन आत दाबा आणि दाबून ठेवा.
३. तशीच धरून किल्लीने गाडी अनलॉक करा. 'टक' ऐकू आलं की गन सरळ रेषेत बाहेर घ्या. काही गाड्या थोड्या वेळात पुन्हा लॉक करतात, म्हणून रेंगाळू नका.
४. नाही झालं तर गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करा. १२ व्होल्टची बॅटरी मोजा. बंद गाडीत १२.४ ते १२.७ हवं. ११.८ च्या खाली असेल तर दोष कडीचा नाही, बॅटरीचा आहे.
५. शेवटी पिन हाताने मागे घ्यायची इमर्जन्सी दोरी. ती बहुधा डिकीच्या ट्रिममागे (आतल्या आवरणामागे) किंवा बॉनेटखाली असते, नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. गन आत दाबलेली ठेवून दोरी हळू ओढा. चार्जिंग चालू असताना तिला हात लावायचा नाही.

आणखी एक तपासणी लोक विसरतात: दुसरी गन लावून बघा. सार्वजनिक चार्जरच्या गना जमिनीवर आपटतात, खाचेची कड तुटते, खाचेत चिखल बसतो. मोटर फिरते, पिन पूर्ण पुढे जात नाही आणि गाडी म्हणते लॉक नाही. मुंबई नाक्याच्या चार्जरवर एरर आणि दुसऱ्या डीसी गनवर सगळं सुरळीत, असं असेल तर पार्ट मागवण्याआधी थांबा.

"डायरेक्ट १२ व्होल्ट द्या"

गाडी या मोटरला फक्त क्षणभराचा पल्स देते, सेकंदभराच्याही आतला. लॉक आणि अनलॉकसाठी त्याच दोन वायरींवर पोलॅरिटी उलटते. बॅटरीच्या वायरी लावून धरल्या तर पिन टोकाला जाऊन अडते, मोटर तरीही जोर लावत राहते आणि वाइंडिंग जळतं नाहीतर गिअर सोलतो. चांगला अ‍ॅक्चुएटर तपासणीतच मारायची ही पक्की पद्धत.

आधी फ्यूज बघा. मग अ‍ॅक्चुएटरच्या कपलरवर (वायरींच्या जोडणीवर) टेस्ट लॅम्प लावा आणि कोणाला तरी किल्लीचं बटण दाबायला सांगा. दिवा क्षणभर लुकलुकला आणि पिन हलली नाही, तर अ‍ॅक्चुएटर गेला. दिवा लागलाच नाही, तर दोष मागे वायरिंगमध्ये किंवा कंट्रोल युनिटमध्ये. साधा डिजिटल मल्टिमीटर हा पल्स बहुधा पकडत नाही, मिन-मॅक्स मोड असेल तर तो वापरा. मोटरचा आवाज येतो, पिन हलते, तरी 'लॉक नाही' असाच संदेश येतो, तेव्हा संशय फीडबॅकच्या स्विचवर घ्या.

"डब्ल्यूडी-४० मारा, फेविक्विक लावा"

पोर्टमध्ये स्प्रे नको, ग्रीसही नको. तेलाचा थर धूळ धरतो, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही: सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं, निफाड-दिंडोरीकडचे मळ्यातले रस्ते. द्राक्षपट्ट्यात आणखी एक भर असते ती भुरीसाठी मारलेल्या गंधकाची. संपर्काच्या पिनांवर चांदीचा मुलामा असतो आणि गंधकाने चांदी काळवंडते. त्यामुळे फवारणीच्या दिवसांत मळ्यात गाडी उभी असेल तर झाकण बंद आणि आतली रबरी टोपी जागेवर, एवढं पाळा. सफाईला कोरडी हवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला, धागे न सुटणारा बोळा पुरतो. तोही गाडी बंद असताना, आणि डीसीच्या पिनांत काहीही खुपसायचं नाही. झाकणाच्या बिजागरीला सिलिकॉनचा एक थेंब चालेल.

फेविक्विकचं म्हणाल, तर या कड्या बहुधा ज्या गुळगुळीत इंजिनिअरिंग प्लास्टिकच्या असतात त्याला ते नीट धरतच नाही. शिवाय सुकताना त्याची वाफ आजूबाजूला पांढरी पूड सोडते. आणि थेंब ओघळून पोर्टच्या तळाच्या निचऱ्याच्या भोकात गेला की पावसाळ्यात पाणी आतच साचतं. ते भोक चिखलानेही बुजतं. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा उघड्या पोर्टवर मारू देऊ नका.

"निगेटिव्ह काढली की भीती नाही"

निगेटिव्ह काढल्यावर मुख्य कॉन्टॅक्टर (मोठ्या बॅटरीचा हाय व्होल्टेज जोडणारे-तोडणारे स्विच) उघडतात हे खरं. पण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो आणि एखादा कॉन्टॅक्टर चिकटलेला असेल तर तो निगेटिव्ह काढून सुटत नाही. झाकणाची बाहेरून बसणारी कडी घरी बदलायला हरकत नाही, तिथे हाय व्होल्टेजचा संबंध येत नाही. लॉक अ‍ॅक्चुएटर स्वतः १२ व्होल्टचा असला तरी बसतो केशरी केबलींच्या शेजारी. ते काम हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं. तो सर्व्हिस डिस्कनेक्ट (हाय व्होल्टेज तोडायचा प्लग) काढतो, पुस्तिकेत दिलेली मिनिटं थांबतो, विजेपासून वाचवणारे क्लास ० चे रबरी हातमोजे हवा भरून तपासून घालतो आणि १००० व्होल्ट कॅट-३ सुरक्षा दर्जाच्या मीटरने व्होल्टेज नाही याची खात्री करतो. तोच मीटर मोजणीच्या आधी आणि नंतर चालू सप्लायवर लावून बघतो, कारण बंद पडलेला मीटरही शून्यच दाखवतो. यातलं काही न करता केशरी वायरीत हात घालणारा दिसला तर किल्ली परत घ्या.

"दोन स्क्रू, दहा मिनिटं"

स्क्रू दोन-तीनच असतात. त्यांच्यापर्यंत पोचायला मात्र पोर्ट जिथे असेल त्याप्रमाणे बंपर, व्हील लायनर किंवा डिकीचं ट्रिम उतरवावं लागतं. वेळ तिथे जातो, आणि चुका परत बसवताना होतात.

नवा अ‍ॅक्चुएटर पिन मागे असलेल्या स्थितीत बसवायचा, नाहीतर गन आत जाणारच नाही. पिनेभोवतीचं रबर सील नवं घाला. जुनं दुमडून बसलं की पाणी थेट मोटरच्या डबीत. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, तेव्हा इम्पॅक्ट गन बाजूला ठेवून हाताने, पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा. तापमान सेन्सरच्या बारीक वायरी ब्रॅकेटखाली चिरडत नाहीत ना ते बघा. पीटी-१००० (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा) सेन्सर असेल तर २५ अंशांना साधारण १०९७ ओहम मिळायला हवेत. वायर तुटली असेल तर गाडी चार्जिंग कमी करते किंवा थांबवते, आणि दोष जातो नव्या कडीच्या माथी.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती इमर्जन्सी दोरी. जुन्या अ‍ॅक्चुएटरवरून काढलेली दोरी नव्याला अडकवायची राहते आणि ट्रिम बंद होतं. कळतं ते पुढच्या वेळी गन अडकल्यावर, कसारा घाटाच्या अलीकडे कुठेतरी. म्हणून ट्रिम लावण्याआधी गन लॉक करून दोरी एकदा ओढून बघायला सांगा.

मग स्कॅनरने जुने फॉल्ट कोड पुसायचे आणि लॉक-अनलॉकची चाचणी घ्यायची. काही मॉडेलांना नव्या भागाची ओळख करून द्यावी लागते. त्यानंतर आधी एसी, मग डीसीवर काही मिनिटं चार्जिंग. एसीवर चालली म्हणून गाडी ताब्यात घेऊ नका, कारण लॉक नसतानाही काही गाड्या एसी घेतात, डीसी मात्र नाही. जुना अ‍ॅक्चुएटर मागून घ्या आणि पिन बोटाने हलवून बघा: वाकलेली असेल तर गन कोणीतरी ओढली होती, आणि सरळ असून आत गिअर घरंगळत असेल तर बहुधा कोणीतरी डायरेक्ट १२ व्होल्ट दिले होते.