गाडीचा मालक व्हायची घाई कशाला?

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडची पोरं मला मेसेज करून विचारतात, "दादा, ड्रायव्हर लाईनीत येऊ का?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "किती वर्षांत स्वतःची गाडी होईल?" पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर आहे, खुशाल या. दुसऱ्यावर मात्र सविस्तर लिहायला पाहिजे, कारण चांगली चांगली पोरं तिथेच अडकलेली मी बघतो आहे.

आपल्याकडे ड्रायव्हर पुढे गेला म्हणजे त्याने गाडी घेतली, असं सगळेच धरून चालतात. सोयरिकीला मुलीकडचे विचारतात, "गाडी स्वतःची आहे का?" नाही म्हटलं की चहा पिऊन उठतात. एसटीच्या ड्रायव्हरला कोणी विचारत नाही, की बाबा स्वतःची बस कधी घेतोस. त्याला पगार आहे, रजा आहे, ड्युटी ठरलेली आहे, म्हणून तो नोकरदार. तोच कसारा घाट, तेच स्टेअरिंग, पण ट्रकवाला म्हटलं की मालक होईपर्यंत कसेबसे काढायचे दिवस. मला हे अजिबात मान्य नाही. ड्रायव्हरकीवर आयुष्यभराचा संसार उभा राहू शकतो. राहत नाही, कारण ड्रायव्हरच्या तासांना आणि हुन्नराला भाव मिळत नाही. गाडी विकत घेऊन हा प्रश्न सुटत नाही. आधी मालक कमी पैशात राबवून घेत होता, आता तुम्ही स्वतःच स्वतःला राबवून घेता, एवढाच फरक.

हिशेबच मांडतो. नवी बारा टायर, म्हणजे बारा चाकांची ट्रक, बॉडीसकट चाळीस लाखांच्या आसपास जाते. समजा घरचं सोनं मोडून काही रक्कम भरली आणि ३५ लाखांचं कर्ज काढलं, साडेदहा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता बसतो महिन्याला ७५ हजारांच्या वर. गाडी पळो की उभी राहो, हप्ता थांबत नाही. त्यावर इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग, परमिट, टोल, टायर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देते, म्हणजे नाशिक ते इंदूर एका बाजूलाच शंभरेक लिटर डिझेल. जाताना भाडं मिळालं, पण रिटर्न भाड्यासाठी इंदूरला दोन दिवस पडून राहिलात तर जातानाची कमाई तिथेच जिरली. ज्याच्याकडे पन्नास गाड्या आहेत त्याच्या दोन उभ्या राहिल्या तरी बाकीच्या कमावत असतात. तुमची एकच आहे, आणि भाड्याचा भाव तुम्हाला त्याच्याशीच लावायचा आहे.

आमच्या गावातल्या एका फार चांगल्या ड्रायव्हरने कांद्याच्या भरवशावर गाडी घेतली होती. लासलगाव, पिंपळगावचा माल न्हावा शेवा बंदराला जायचा, काम भरपूर होतं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला उठली, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. मधल्या महिन्यांत त्याची बंदराची भाडी आटली. देशातल्या भाड्यांवर आधीच गर्दी होती, तिथे मिळेल त्या भावात तो पळत राहिला, पण हप्ते थकले ते थकलेच. फायनान्सवाले गाडी ओढून घेऊन गेले. त्याच्या हातात काही खोट नव्हती. निर्णय दिल्लीत झाला होता आणि कर्ज त्याच्या नावावर होतं.

मग पुढे जायचं कसं? माझं म्हणणं, आहे त्याच सीटवर बसून किंमत वाढवायची.

आधी कागद. अठराव्या वर्षी हलक्या गाडीचं लायसन निघतं. ते काढून एक वर्ष झालं आणि वय वीस पूर्ण असलं की ट्रान्सपोर्टचं, म्हणजे मोठ्या मालवाहू गाडीचं, काढता येतं. त्याला ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये केंद्राने काढली. हे मुद्दाम सांगतोय, कारण अजूनही खेड्यांतली काही पोरं दाखला नाही म्हणून एजंटला पैसे देतात. नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत जा, स्वतः रांगेत उभे राहा. आणि एक, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते. त्यामुळे पिकअप, छोटा हत्ती यांवर हात बसवायला वेगळ्या बिल्ल्याची गरज नाही. वय वीस पूर्ण झालं की सुरुवात तिथूनच करा. टोमॅटोच्या दिवसांत गिरणारे, पिंपळगावला क्रेट वाहणाऱ्या पिकअप रात्रंदिवस पळतात. माल वेळेत पोहोचवणं, वजन कसं बसवायचं, ताडपत्री कशी ओढायची, दोर कुठे आवळायचा, हे सगळं तिथे शिकायला मिळतं.

त्यानंतर आयशर, मग दहा टायर, मग ट्रेलर. प्रत्येक टप्प्यावर घाई न करता. कसारा घाट गिअरवर उतरवता आला पाहिजे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणाऱ्या माणसाच्या शेजारी मी बसत नाही, कितीही जुना ओळखीचा असला तरी. ब्रेक तापले की पाय दाबूनही काही होत नाही, आणि हे कळतं तेव्हा वळण आलेलं असतं. खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर गाडी आवरणारा ब्रेक) लावून, मागच्याने कितीही हॉर्न दिले तरी आपल्या चालीने उतरायचं. समृद्धी महामार्गावर उलटी अडचण आहे. जून २०२५ पासून नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर सलग सुरू झाला, रस्ता सुंदर आहे, पण सरळ रस्ता झोप आणतो. घाटात माणूस जागा असतो. सरळ रस्त्यावर तो कधी पेंगला ते त्यालाही कळत नाही. झोप आली की गाडी सोयीच्या ठिकाणी लावून झोपायचं, मालकाचा फोन उचलून "झोपलोय" असं सरळ सांगायचं. ज्या मालकाला हे चालत नाही त्याची गाडी सोडायची.

आणि खरी किंमत खास कामांना आहे. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथे टँकर लागतात. त्यासाठी धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. ती तीन वर्षांनी नव्याने करायची असते, आधी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण घेऊन. वाल्व्ह, अर्थिंग, आग विझवायचं साधन, गळती झाली तर कोणाला फोन करायचा, हे ज्याला पाठ आहे त्याला कोणी सहजासहजी काढत नाही. दुसरं काम रेफर कंटेनरचं, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या डब्याचं. जानेवारीपासून आपली द्राक्षं बाहेरदेशी जायला लागतात, पेट्या शून्य अंशाच्या आसपास ठेवाव्या लागतात. डब्याला वीज देणारा जेनसेट बंद पडला आणि ड्रायव्हर झोपला असेल, तर एका शेतकऱ्याचं वर्षभराचं कष्ट त्या डब्यात सडतं. मी स्वतः आज हेच काम करतो आणि रस्त्यात थांबलो की आधी डिस्प्लेवरचा आकडा बघतो, मग चहाचं बघतो. याला हुन्नर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसलो, ती गोष्ट. ड्रायव्हरचं सगळ्यात मोठं नुकसान रस्त्यावर होत नाही, गेटवर होतं.

अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत सकाळी फेरी मारा. कंपन्यांच्या भिंतीला लागून गाड्यांची रांग दिसेल. कोणी रात्री आलाय, कोणी आदल्या दुपारी. "गाडी आत घेतो" एवढंच सांगितलेलं असतं. सीट सोडून जाता येत नाही, कारण नंबर कधी लागेल त्याचा नेम नाही. झोप लागत नाही, कारण मागून डिझेल काढून नेतील ही भीती. एका मोठ्या कंपनीच्या गेटवर मला रात्रभर बाहेर ठेवलं होतं आणि संडासला आत जाऊ दिलं नाही. सिक्युरिटीवाला म्हणाला, तशी ऑर्डर आहे. आत लाखोंचा माल माझ्या भरवशावर आलेला होता. तो चालला, मी चालत नव्हतो.

या थांबलेल्या तासांचे पैसे ड्रायव्हरला मिळत नाहीत. कागदावर काही ठिकाणी हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, लावतात, ते ट्रान्सपोर्टरला मिळतं, कधी मालकापर्यंत येतं, सीटपर्यंत क्वचित. भत्ता ट्रिपमागे असतो. गाडी गेटवर दोन दिवस उभी राहिली की महिन्याच्या ट्रिपा कमी, म्हणजे दुसऱ्याच्या ढिलाईचा दंड ड्रायव्हरने भरायचा. हा बुडालेला वेळ भरून काढायला तो रात्रीचा पळवतो. लोक म्हणतात ट्रकवाले बेफाम चालवतात. त्या बेफामपणाची सुरुवात कुठल्या गेटवर झाली तेही बघा.

समजा महिन्याला सगळं मिळून २५ हजार हातात येतात. दिवसाला बारा तास, सव्वीस दिवस, म्हणजे ३१२ तास. तासाला पडले ८० रुपये. हेच पैसे आठ तासांच्या दिवसाला असते तर तासाला १२० पडले असते. आणि बारा तास मी कमीच धरलेत. १९६१ साली मोटार परिवहन कामगारांचा कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आठवड्यातून एक सुट्टी हे लिहिलेलं होतं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होता, आणि आपल्याकडच्या कितीतरी गाड्या एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या आहेत. पीएफला वीस माणसं लागतात, ईएसआयसीला (कामगारांच्या आरोग्य विम्याला) दहा. छोटा मालक कुठल्याच हिशेबात बसत नाही, म्हणून त्याचा ड्रायव्हरही बसत नाही. आणि तो छोटा मालक बहुतेक वेळा कालचा ड्रायव्हरच असतो. मी गाडी घ्यायची घाई करू नका म्हणतो त्यामागे हेही आहे. आपल्यालाच आपल्या माणसाला कमी द्यायला भाग पडतं.

व्यापारी म्हणतात, माल वेळेत पाहिजे. ठीक आहे, पण सरकारचं ई-वे बिलच (मालासोबत लागणारा ऑनलाइन कागद) दिवसाला २०० किलोमीटर धरून चालतं. अंबडहून दिल्लीला कारखान्याचा माल निघाला तर बाराशेच्या वर अंतर आहे, बिल सात दिवस चालतं. तोच माल तीन दिवसांत टाक म्हणून फोन येतात, आणि तिथे पोहोचल्यावर गोडाऊनवाला दोन दिवस गाडी खाली करत नाही. घाई ड्रायव्हरने करायची, आराम गोडाऊनने करायचा. त्यात वाराई, म्हणजे माल चढवा-उतरवायची हमाली, वेगळी. ज्याचा माल त्याचा हमाल, ही आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांची मागणी शंभर टक्के बरोबर आहे. उतरवायचे पैसे ड्रायव्हरच्या वाटखर्चीतून जायचं काही कारण नाही.

चांगलं काही होत नाही असं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. एप्रिलमध्ये जळगाव, धुळ्याकडे गाडी चालवलेल्याला विचारा याचं मोल. पण थंड केबिनमध्ये सोळा तास बसवलं तर ती सोय ड्रायव्हरची झाली नाही.

जानेवारी २०२४ चा संप आठवा. हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून पानेवाडीचे टँकर थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पुढे १ जुलै २०२४ ला नवा कायदा आला तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. अपघात झाला की पळून जाऊ नये, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. जमाव मारेल असं वाटलं तर जवळचं पोलीस ठाणं गाठायचं आणि स्वतः हजर व्हायचं. पण त्या दोन दिवसांत जी एकी दिसली ती शिक्षेच्या भीतीतून आली होती. तीच एकी गेटवरच्या तासांसाठी का दिसत नाही, हा माझा सगळ्या ड्रायव्हर भावांना प्रश्न आहे.

संघटना होईल तेव्हा होईल, सुरुवात कागदापासून करा. गेटवर पोहोचलात की बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) मागे तारीख-वेळ लिहा, सिक्युरिटीची सही घ्या. सही देत नसेल तर गेटचा फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाका. कामावर लागतानाच विचारा, किती तासांनंतर थांबण्याचे पैसे आणि किती. मीही गेली काही वर्षं विचारूनच गाडीवर चढतो. दोघा मालकांनी नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्याने कबूल केलं, आजही तो देतो. चांगला ड्रायव्हर मिळत नाही म्हणून आज मालक रडतात, तेव्हा मागायची वेळ हीच आहे. बँकेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, तो प्रत्येकाने आजच घ्या, मालकाची वाट बघू नका.

आणि नाशिककरांनाही सांगणं आहे. आडगावला ट्रक टर्मिनल आहे, पण अंबड-पाथर्डी फाटा-विल्होळी या बाजूला, जिथे कंपन्यांच्या गाड्या खरोखर थांबतात, तिथे पार्किंग, संडास, अंघोळीची सोय हवी. २०२७ चा कुंभमेळा तोंडावर आहे, अवजड गाड्या शहराबाहेर अडवल्या जाणारच. अडवा, हरकत नाही. पण जिथे अडवाल तिथे पाण्याचा नळ आणि सावली असू द्या. येणाऱ्या लाखो माणसांचं धान्य, दूध, गॅस त्याच गाड्यांत येणार आहे.

ज्यांना हेवीचं लायसन किंवा टँकरसाठीची नोंद काढायची आहे त्यांनी खाली लिहा, कागदांची यादी देतो. आणि ज्या मालकांना थांबण्याचे पैसे देणं पटतं, त्यांनी आपलं नाव कमेंटमध्ये टाका. पोरांना मी तुमच्याकडेच पाठवीन.