ट्रॅक्टरने ओढून गाडी सुरू का केली नाही

नमस्कार काका,

माझ्या जुन्या शेवरोले गाडीच्या दुरुस्तीवरच्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पस्तीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाने वेळ काढून एवढं लिहिलं, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: चार महिने झाले तरी मी नुसते फोटो काढतोय आणि नटबोल्टांना चिठ्ठ्या बांधतोय. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून, ट्रॅक्टरला बांधून सेकंड गिअरमध्ये ओढली असती तर एका दुपारी इंजिनाने आवाज दिला असता. नसता दिला, तर जीपचं डिझेल इंजिन बसवायचं, पत्रा सँडब्लास्ट करून रंग मारायचा आणि गाडी रस्त्यावर आणायची. शिवाय गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली ही चूक केली.

ताडपत्रीचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. रोज सकाळी ती उचलली की बॉनेटवर घाम फुटल्यासारखं पाणी असायचं. साठ वर्षांत जेवढा गंज चढला नव्हता तेवढा उजव्या मडगार्डच्या कडेला या एका पावसाळ्यात चढला. तुमची प्रतिक्रिया आली त्याच आठवड्यात गाडी शेडमध्ये घेतली. वर पत्रा, चारही बाजूंनी वारा, चासीखाली लाकडी ठोकळे. याबद्दल मनापासून आभार.

ओढण्याचं मात्र मला पटत नाही. ही गाडी वाळवा तालुक्यातल्या एका गोठ्याच्या पडवीत १९६१ पासून उभी होती. घरातल्या कागदावर १९३१ साल होतं, विकणारे १९२९ ची म्हणत होते. मी टेप लावली. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर भरलं १०७ इंच. शेवरोलेच्या १९२७ च्या गाडीत ते १०३ इंच होतं आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. हिच्या पुढच्या चाकांनाही ब्रेक आहेत. १९२९ पासून शेवरोलेने सहा सिलिंडरचं इंजिन आणलं, हिचे सिलिंडर चार. म्हणजे ही १९२८ च्या नॅशनल मालिकेतली टूरिंग (कापडी टपाची उघडी गाडी), चार सिलिंडरवाल्या जुन्या शेवरोलेंपैकी शेवटची. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि तिथून पहिली बाहेर पडली ती याच नॅशनल मालिकेची टूरिंग. माझी गाडी शिवडीतच जोडलेली आहे असा दावा मी करत नाही, ते सिद्ध करणारी पाटी अजून सापडलेली नाही. पण म्हणूनच फायरवॉलचा (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याचा) एकही स्क्रू फोटो काढल्याशिवाय फिरवत नाही.

आता इंजिन. चारही प्लग काढून आत बारीक कॅमेरा सोडला. एक, दोन आणि चार नंबरचे सिलिंडर काळे, कोरडे, पण बरे. तीन नंबरमध्ये पिस्टनच्या जरा वर गंजाची गोल कडी, बोटभर रुंद. त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार आणि तिथून दमट हवा आत जात राहिली असणार. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेल्या. अशा इंजिनाला ट्रॅक्टरचा हिसका दिला तर पहिल्यांदा रिंग तुटते, मग पिस्टनचा काठ जातो, नाहीतर पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड वाकतो. आणि समजा, नशिबाने फिरलं. या इंजिनात रॉडचं मोठं टोक तेलाच्या पन्हाळीत बुडून तेल उडवतं, त्यावर बरंचसं वंगण चालतं. पन्हाळीत काय होतं ठाऊक आहे? डांबरासारखा गाळ आणि उंदराने नेलेली ज्वारीची फोलकटं. व्हाइट मेटलची (मऊ, कथिलासारख्या धातूची) बेअरिंगं कोरडी फिरली की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं करून चारही सिलिंडरमध्ये ओतलं. डिझेलपेक्षा ते फटीत लवकर उतरतं. रोज संध्याकाळी थोडं भरायचं आणि इंजिन फिरवायचं हँडल हाताने, अंगाचा जोर न लावता, दोन्हीकडे हलवून बघायचं. नवव्या दिवशी हँडल चार बोटं सरकलं. अकराव्या दिवशी पाव फेरा. तिथेच थांबवलं, कारण आता चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, खोलून गाळ काढल्याशिवाय पुढे फिरवायचं नाही.

पत्र्याला सँडब्लास्ट नको, कारण दरवाजे आणि बॉनेट सपाट, पातळ पत्र्याचे आहेत. वाळूच्या माऱ्याने पत्रा ताणला जातो, लाटा येतात आणि मग त्या पुट्टीने झाकाव्या लागतात. शिवाय वाळूची धूळ फुप्फुसाला कायमची धरते. आपल्या ऊसपट्ट्यात याला सोपा उपाय आहे, मोलॅसिस, म्हणजे साखर कारखान्यात उरणारी काकवीसारखी मळी. एक भाग मोलॅसिस, नऊ भाग पाणी, प्लास्टिकचं पिंप, दोन-तीन आठवडे. गंज सुटतो, चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. वास भयंकर येतो. जस्ताचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग मात्र त्यात घालायचे नाहीत, ते खाल्ले जातात. हेडलॅम्पच्या कड्या आणि ब्रेकचे रॉड असेच काढले, खालचं लोखंड राखाडी, स्वच्छ.

सगळ्यात जास्त वेळ लाकडात गेला आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही. या गाडीची बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर ठोकलेला पत्रा. डाव्या मागच्या दरवाज्याचा खांब वाळवीने आतून पोकळ केलाय, बोट लावलं की भुसा गळतो. तो काढताना बैलगाडीची चाकं बनवणारे आमचे सुतारमामा शेजारी होते. मी मोडका तुकडा बाजूला टाकला तसा त्यांनी उचलला, फुंकर मारली, दोन तुकडे जुळवले आणि पत्र्याच्या खिळ्यांची भोकं दाखवली. “ही भोकं गेली तर दरवाजा कुठं बसवणार?” मग ते तुकडे कागदाने गुंडाळले, प्लायवूडवर उतरवले, भोकं टोचून घेतली, तेव्हा कुठे नवा खांब कापायला घेतला. ओढाओढीत हा खांब कोसळला असता तर दरवाज्याची मापं कायमची गेली असती.

जीपच्या इंजिनाबद्दल एवढंच. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिनात बदल केलेला चालत नाही. म्हणजे डिझेल इंजिन बसवलं की तो नंबर गेला. सुटे भागही तुम्ही समजता तेवढे दुर्मीळ नाहीत. हिचा टायर ४.५०-२१, तोच फोर्डच्या १९२८-२९ च्या मॉडेल ए चा, आणि तो आजही नवा तयार होतो.

पुढच्या महिन्यात चेंबर उतरवून रॉडच्या टोप्या खोलणार आहे. व्हाइट मेटल ओतून खरवडून बसवणारा कारागीर सांगली-कोल्हापुरात मला मिळालेला नाही. तुमच्या गॅरेजात हे काम होत असे, असं तुम्हीच लिहिलंय. तुमची सवड असेल तो रविवार कळवा. तुम्हाला न्यायला स्टँडवर येतो. टोप्या तुमच्यासमोरच खोलू.